ओळ सहाशे चाळीस

"बंद पडलेला कॉम्प्युटर इथलाच ना? न्यायला आलोय."

हा आवाज दारातून आला तेव्हा माझ्या हाताखाली भूमितीचं पान होतं आणि डोक्यात राग. आमच्या ब्रेल छापखान्यातला कॉम्प्युटर आदल्याच दिवशी बंद पडला होता. आणि बाईंनी, म्हणजे आमच्या व्यवस्थापिकांनी, एवढ्यात त्याला गिऱ्हाईकही शोधलं?

"भंगारवाले का?" मी विचारलं.

"घरचे तसंच म्हणतात," तो म्हणाला. "पोटापाण्यासाठी लिफ्ट दुरुस्त करतो. जुने कॉम्प्युटर आपले हौसेखातर."

आवाजात हसू होतं. मला जन्मापासून दिसत नाही, पण हसू बरोबर कळतं. मी इथली मुद्रितशोधक. छापलेलं पान बोटांनी वाचायचं आणि चुका काढायच्या, हेच माझं काम. त्या दिवशी मला या माणसातही चूक काढायची होती.

"न्या," मी म्हटलं. "सोबत दहावीच्या मुलांची वर्तुळंही न्या."

तो थबकला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "कसली वर्तुळं?"

मग सगळं सांगावं लागलं. पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या अंधशाळेतल्या गणिताच्या सरांनी बेसिक भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता. तो आमच्या जुन्या, लोखंडी छपाईयंत्राकडून कागदावर उठावाचे ठिपके काढून घ्यायचा. त्रिकोण, वर्तुळ, स्पर्शिका, सगळं बोटाला कळेल असं. मी सात वर्षांची असताना पहिलं वर्तुळ तसल्याच एका पानावर पाहिलं. बोट फिरवत राहिले... आणि ते संपेचना. तास संपला तरी मी पान सोडलं नव्हतं.

"नवी सॉफ्टवेअर अक्षरं छापतात हो," मी म्हटलं. "पण या यंत्रावर आकृत्या फक्त सरांच्या प्रोग्रामला जमायच्या. शाळा उघडायला बारा दिवस आहेत. बाई म्हणतात, पुस्तक बाहेरून छापून घेऊ, आकृत्या गाळून."

"आकृत्या गाळून भूमिती?" तो म्हणाला. "म्हणजे दार नसलेली लिफ्ट."

मला हसायचं नव्हतं... पण हसले.

कॉम्प्युटर राहिला तिथेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम आटोपून तो स्वतःचा लॅपटॉप घेऊन आला. आजच्या कॉम्प्युटरवरही जुनं बेसिक चालवता येतं, म्हणाला. प्रोग्राम तेवढा हवा. जुन्या फ्लॉप्या काढल्या तर त्यांना बुरशी लागलेली. दोन संध्याकाळी तो त्यांच्याशी झटला. तिसऱ्या दिवशी त्याने हात टेकले.

"कुठे कागदावर लिहिलेला नाही का? एखादी वही, काहीही?"

मी जागच्या जागी उठून उभी राहिले. कागदावर होता की! सरांनी आम्हा चार मुलांना प्रोग्रामिंग शिकवताना सगळा प्रोग्राम ब्रेलमध्ये छापला होता. गोदामातल्या कपाटात, तळाशी, तो गठ्ठा सापडला. एकोणीस पानं.

"दाखवा," तो अधीर होऊन म्हणाला. पानं चाळल्याचा आवाज आला, मग पहिल्यापासून पुन्हा चाळल्याचा.

"काय झालं?"

"कोरी दिसतायत," तो हळूच म्हणाला. "म्हणजे... मला वाचता येत नाहीत."

असं आजवर मला सांगावं लागत आलं होतं. मी पानं माझ्याकडे ओढली. "बसा. मी वाचते, तुम्ही टाइप करा. आणि स्पेलिंग चुकवू नका."

"हो, बाई."

"बाई त्या खोलीत बसतात."

"मग तुम्हाला काय म्हणू?"

"सध्या नुसतं टाइप करा."

चार संध्याकाळी आम्ही तेच केलं. मी ओळीचा आकडा सांगायचे, मग ओळ. तो दोनच बोटांनी टाइप करायचा, टक टक... टक. चूक झाली की आधी जिभेने 'च्च' करायचा, मग खोडायचा. तिसऱ्या संध्याकाळपर्यंत मला त्याचं 'च्च' यायच्या आधीच चूक कळायला लागली.

"टी म्हणजे काय असेल?" त्याने एकदा विचारलं. "सगळीकडे टी आहे. के पण."

"टी म्हणजे त्रिज्या. के म्हणजे केंद्र."

तो खुर्चीत मागे रेलला. "एवढ्याशा जागेत काय बसवलंय हो या माणसाने. एक ओळ फुकट नाही. मी आजवर इतके प्रोग्राम बघितले..." सरांचं असं कौतुक करणारा माणूस मला आवडला, हे मी स्वतःशी कबूल केलं. सरांपुरतंच, असंही बजावलं.

मग सहाशे चाळीस आकड्याची ओळ आली.

"एकपासून तीन हजारपर्यंत मोज," मी वाचलं. "आणि पुढे जा."

"मोजून करायचं काय?"

"काहीच नाही. नुसतं मोजायचं."

"ही एक मात्र फुकट गेली," तो म्हणाला. "गाळू?"

"सरांनी उगाच लिहिली नसणार. टाका."

त्याने मुकाट्याने टाकली.

आठव्या दिवशी त्याने कुठूनसा मधला जोड आणून जुन्या यंत्राची केबल लॅपटॉपला बसवली. बाई येऊन उभ्या राहिल्या. यंत्र खडखडलं, कागद सरकला. पान हातात घेऊन मी बोट फिरवलं. वर्तुळाची उजवी बाजू सुरेख होती. डावीकडे नुसता सपाट कागद.

"परवापर्यंत बघा," बाई म्हणाल्या. "नाहीतर पुस्तक बाहेर जाईल." आणि गेल्या.

तो ओळ न् ओळ तपासत बसला. 'च्च' सुद्धा करेना.

"पुन्हा छापा," मी म्हटलं.

"तेच येणार."

"येऊ दे. मला ऐकायचंय."

यंत्र चाललं. मी डोळे मिटून घेतले. सवय, दुसरं काय. सतरा वर्षं मी या यंत्राशेजारी बसले आहे. खडखड, मग ठिपके उठवणारा ठोकळा डावीकडे परत येतानाची घरघर, मग थोडं शांत, मग पुन्हा खडखड... आज ती शांतताच नव्हती.

"हे दम घेत नाहीये," मी म्हटलं. "ओळ संपली की ठोकळा परत यायचा, थांबायचा, मग पुढची ओळ. आता तो वाटेत असतानाच पुढची ओळ येतेय. सुरुवातीचे ठिपके वाया जातायत."

त्याची खुर्ची करकरली.

"सहाशे चाळीस," तो म्हणाला. "जुन्या कॉम्प्युटरला तीन हजारपर्यंत मोजायला सेकंदभर तरी लागत असेल. तेवढ्यात ठोकळा जागेवर यायचा. माझा लॅपटॉप पापणी लवायच्या आत मोजून मोकळा होतो." आणि अगदी हळू म्हणाला, "मी गाळत होतो ती ओळ."

त्याने मोजणी काढून तिथे थांबायचा खराखुरा वेळ टाकला. किती, ते मी कानाने ठरवलं. "अजून थोडा... अजून... जास्त झाला... हां, एवढाच."

पान आलं. माझं बोट वरून निघालं, डावीकडून खाली उतरलं, उजवीकडून वर आलं आणि पुन्हा फिरायला लागलं. मी त्याचा हात धरला आणि त्याचं बोट त्या ठिपक्यांवर ठेवलं. त्याने पूर्ण फेरी मारली. मग आणखी एक. हात काढून घ्यायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

पुस्तक वेळेत गेलं, सगळ्या आकृत्यांसकट. सरांना पहिली प्रत पाठवली. त्यांचा फोन आला. बोलणं कमी, नाक ओढणंच जास्त. ठरल्याप्रमाणे तो जुना कॉम्प्युटर घेऊन गेला आणि संध्याकाळी छापखाना नेहमीसारखा शांत झाला.

एक आठवडा गेला. दुसरा गेला. त्याच्याकडे येण्याचं कारण उरलं नव्हतं, आणि कारणाशिवाय येईल असा तो माणूस नव्हता.

रविवारी सकाळी मी पांढरी काठी घेतली, दोन बस बदलल्या, बाईंकडून मिळवलेला पत्ता तीन जणांना विचारला आणि त्याच्या घराची बेल वाजवली. दार त्याच्या आईने उघडलं.

"तू छापखान्यातली ना?" त्या म्हणाल्या. "ये, ये. जपून हं, पसारा आहे. या घरात आजवर नुसती जुनी यंत्रं आली. माणूस पहिल्यांदाच येतंय."

आतून काहीतरी धाडकन पडलं. मग तो आला.

"तुम्ही? प्रोग्राम बंद पडला का?"

"नाही. उत्तम चाललाय."

"मग यंत्र...?"

"तेही ठीक आहे. माझं काहीच काम नाही." दोन बस बदलून आले होते, आता मागे फिरणार नव्हते. "तुम्हाला भेटायला आलेय. तुम्ही मला आवडता. कारण काढत बसले असते तर वर्ष गेलं असतं."

काहीच ऐकू येईना.

"बोला काहीतरी," मी म्हटलं. "तुमचा चेहरा मला दिसत नाही."

"हसतोय," तो म्हणाला. "आणि... बहुतेक लाल झालोय."

"झालाय," स्वयंपाकघरातून त्याच्या आईचा आवाज आला.

त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी बसले.

"चहा घेशील?" त्याने विचारलं.

घ्याल नाही. घेशील.

"घेईन," मी म्हटलं. "तूच कर."