पुलावर काठी टेकवू नये

माझी सगळी नोकरी पूल ठोकण्यात गेली. अक्षरशः. हातात लांब दांड्याची हातोडी घ्यायची, काँक्रीटवर ठोकायचं आणि कान लावायचा. भरीव काँक्रीट खणखणीत वाजतं, आतून सुटलेलं बद्द वाजतं. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. घरात मी फरशा वाजवून बघायला लागलो की माझी बायको तोमोए म्हणायची, "अहो, घर पडत नाहीये, चहा घ्या."

मग तिच्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. महिनाभर बोलायला बंदी होती. आम्ही ठरवून टाकलं, खाटेच्या दांडीवर बोटानं एकदा ठोकलं तर हो, दोनदा ठोकलं तर नाही. रोज संध्याकाळी दवाखान्यातून निघताना मी विचारायचो, "थंडी वाजते का?" एक टकटक आली की पांघरूण तिच्या हनुवटीपर्यंत ओढायचं आणि घरी जायचं. पुढे आवाज आला, पण फाटका, घोगरा. डॉक्टर म्हणाले, वर्षानं पुन्हा तपासू, खरं काय ते तेव्हाच कळेल.

तोमोएनं खाटेवरच मनातल्या मनात नवस बोलला होता, इथून उठले तर शिकोकू बेटावरची अठ्ठ्याऐंशी देवळं पायी करीन. माझं देवाधर्माशी बेताचंच. पण तिला एकटीला सोडायचा धीर होईना. तिला धडधाकट घरी परत आणायचं, एवढाच माझा नवस.

तोकुशिमाचे डोंगर संपवून आम्ही त्याच बेटावरच्या कोचीच्या किनाऱ्याला लागलो तेव्हा थंडीला सुरुवात झाली होती. पांढरे अंगरखे, गवती टोप्या, हातात काठ्या. उजव्या हाताला झाडांवर पिकलेले पर्सिमन, डाव्या हाताला समुद्र आणि मधे न संपणारी डांबरी सडक. दुपारपर्यंत तोमोए थकायची. मग एखाद्या बसथांब्याच्या बाकड्यावर बसायचं, वाटेत कुणी हातात ठेवलेली संत्री सोलायची. यात्रेकरूला दिलेलं नाकारायचं नसतं, त्यामुळे माझी पिशवी फळवाल्यासारखी झाली होती.

काठी म्हणजे प्रत्यक्ष दाइशी, ज्यांनी ही वाट घालून दिली ते संत. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आधी काठीचं टोक धुवायचं, मग आपले पाय. आणि पूल आला की काठी उचलून घ्यायची. एका कडाक्याच्या थंडीत दाइशींना कुणी आसरा दिला नाही, ते पुलाखाली झोपले. त्यांची झोप मोडू नये.

"ते पुलाखाली झोपलेत," मी म्हटलं, "तर आपल्याबरोबर कोण चालतंय?"

"तुमच्या जिभेला काही हाड?" तोमोए घोगऱ्या आवाजात म्हणाली. पण हसली.

तो पूल अगदी साधा होता. एका आटलेल्या ओढ्यावरचा, गंजक्या कठड्याचा. मधोमध काँक्रीटवर एक भेग दिसली आणि माझा हात माझ्या आधी पुढे गेला. काठीनं ठोकलं. बद्द आवाज आला. सुटलंय, मी मनात म्हटलं, आणि काठी उचलली.

खालून एक टकटक आली.

प्रतिध्वनी म्हणावा, तर फार उशिरा आली होती. मी वाकून बघितलं. खाली गोटे आणि वाळकं गवत.

"कशाला ठोकलंत?" तोमोएचा चेहरा उतरला होता. "काही पाळायचंच नाही का तुम्ही?" दोन पावलं चालून तिनं कठडा धरला. "थांबा जरा. भोवळ येतेय."

तिला तिथंच टेकवून मी पुलाच्या टोकाला असलेल्या यंत्रातून गरम चहाची बाटली आणायला गेलो. नाणी टाकली, बाटली घेतली, वळलो. तोमोए पुलावर नव्हती. ती पलीकडच्या काठावर उभी होती आणि हात हलवत होती.

"अगं, भोवळ येत होती ना?"

"गेली," ती म्हणाली. "चला."

त्या दिवशी ती कुठल्याच बाकड्यावर बसली नाही.

मुक्कामाच्या घरची ताकेची आजी दारातच बादली घेऊन बसली होती. यात्रेकरूंच्या काठ्या ती स्वतः धुवायची. माझी धुतली. तोमोएची हातात घेतली आणि तशीच थांबली. टोकाला हिरवं शेवाळ होतं, दाट, ओलं.

"काय गं पोरी, रस्ता सोडून ओढ्यातून आलीस की काय?"

"नाही आजी," तोमोए म्हणाली. "सगळा रस्ता कोरडा होता."

आजीनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पाहुणे, पुलावर काठी टेकवली नाहीत ना?"

"छे," मी म्हटलं.

आजीनं ती काठी पुन्हा धुतली, आणि पुन्हा. जेवताना तोमोएनं दोन वाट्या भात संपवून तिसरी मागितली. भाजलेला मासा तिनं काट्यापर्यंत साफ केला. शस्त्रक्रियेनंतर तिला घट्ट घास गिळताना त्रास व्हायचा. मला इतका आनंद झाला की मी आजीकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली आणि मी बुटाचा बंद बांधता बांधता थांबलो. आवाज स्वच्छ होता. आमचं लग्न झालं तेव्हा होता तसा.

"समुद्राची हवा," ती म्हणाली. "असे काय बघताय?"

मी पुन्हा बंदावर वाकलो. रडू येत होतं.

आता ती पुढे चालायची आणि मी मागे धापा टाकायचो. वाटेतले लोक थट्टा करायचे. "काकू, आजोबांना पाठुंगळीला घ्या," असं एक ट्रॅक्टरवाला ओरडला. ती मोठ्यानं हसली. मीही हसलो. पुढे पूल होता.

मी काठी काखेत घेतली. तिनंही घेतली. आम्ही चालू लागलो आणि माझ्या कानाला काहीतरी खटकलं. ज्याच्या कानानं आयुष्यभर पोट भरलं, त्याला चुकवता येत नाही. माझी पावलं डांबरावर वाजत होती. तोमोएची वाजत नव्हती. तिचा बूट टेकायचा आणि आवाज खालून यायचा. स्लॅबच्या खालच्या अंगानं कुणी बोटं टेकवत बरोबर चाललं असावं, तसा.

पूल संपला. तिची पावलं रस्त्यावर नीट वाजू लागली.

मी कारणं शोधली. सांधे, पोकळी, वारा. पुढच्या पुलावर मी मुद्दाम थांबलो. ती चालत राहिली. खालचा आवाज मात्र तिच्याबरोबर गेला नाही. तो माझ्या पायांखाली थांबला.

त्या संध्याकाळी जेवताना मी चहाच्या पेल्यावर बोटानं ठोकलं. एकदा. मग दोनदा. तोमोएनं वर बघितलं.

"हे काय नवीन?"

"आठवत नाही?"

"काय आठवायचं?" ती गोड हसली आणि माझ्या पानातलं लोणचं उचललं. "तुमची खोड काही जायची नाही."

मी अन्नाला हात लावला नाही.

शिमांतो नदीवर बिनकठड्याचे पूल आहेत. पूर आला की पाणी वरून जावं म्हणून कठडेच ठेवलेले नाहीत. आम्ही तिथे पोचलो तेव्हा भर दुपार होती. पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे दिसत होते. तोमोए भराभरा पलीकडे गेली. मी मधोमध गुडघे टेकले. बूट बांधतोय असं दिसावं म्हणून वाकलो आणि तळहात काँक्रीटवर ठेवला.

ते गार होतं. भरीव होतं. मी काठीनं हळूच ठोकलं.

"तोमोए?"

एक टकटक.

"वर येतेस?"

मी कान काँक्रीटला लावला. मग दोन.

"का?"

काहीच नाही. याचं उत्तर एक किंवा दोन असं देता येत नाही.

मग मला सुचलं ते एकच.

"थंडी वाजते का?"

एक.

मी कोट काढला, घडी केली आणि काठावरून खाली सोडला. पाण्याचा आवाज झाला नाही. ओणवा होऊन बघितलं. खाली गोटे, मासे, ऊन. कोट नव्हता.

"अहो!" पलीकडून हाक आली, स्वच्छ, खणखणीत. "या ना! किती वेळ?"

तिला धडधाकट घरी परत आणायचं, हा माझा नवस होता. मी उठलो. काठी काखेत घेतली आणि पलीकडे गेलो. कोट कुठे गेला, हे तिनं विचारलं नाही.

आम्ही सगळी देवळं केली आणि घरी आलो. तपासणीत काही निघालं नाही. डॉक्टरांनी तिच्या गळ्यावर बोट फिरवून शस्त्रक्रियेचा व्रण शोधला, मग म्हणाले, तुमची कातडी फार छान भरून येते. आता ती स्वयंपाक करताना गाते. शेजारीपाजारी मला नशीबवान म्हणतात. खोटं नाही ते. तिच्या हातचं जेवतो, तिच्याशी बोलतो, आणि ती गाऊ लागली की मला उठून बाहेर जावंसं वाटतं.

थंडी पडली की मी एक पांघरूण विकत घेतो आणि जवळच्या कुठल्याही पुलावर जातो. विचारतो. उत्तर येतं. मी पांघरूण सोडतो. खाली पडल्याचा आवाज आजवर एकदाही आलेला नाही. तोमोएला मी यातलं अक्षर सांगितलेलं नाही. फिरायला जातो, एवढंच म्हणतो.

काल पहिलं दव गोठलं. मी पांघरूण पिशवीत घालून दारात बूट चढवत होतो. तोमोए ओट्याशी पाठमोरी उभी राहून मुळा चिरत होती. तिनं मागे वळून बघितलं नाही.

"दोन न्या," ती म्हणाली. "तिला एक पुरत नाही."