अकरा चित्रांतले हात

पुराव्याशिवाय एक ओळही लिहायची नाही, हा तिच्या ब्लॉगचा नियम होता आणि तो तिनं पहिल्याच पानावर ठळक टाकला होता. नऊ वर्षं ती एकाच दिवंगत चित्रकाराच्या मागे होती. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. चित्राचा पुढून फोटो, मागून फोटो, माप, तारीख आणि मग मजकूर. घरचे चिडवत, हिला लग्नाची पत्रिका दिली तर ही आधी कागद तपासेल. पानाच्या कोपऱ्यात स्वतःच्या फोटोऐवजी तिनं मावशीनं पेन्सिलनं काढलेलं रेखाचित्र लावलं होतं. त्यात ती टेबलाशी बसून लिहीत होती.

मावशीनं तीस वर्षं गुरुजींच्या स्टुडिओत काढली होती.

"त्या अकरा चित्रांतल्या बायकांचे हात माझे आहेत गं," मावशी एकदा म्हणाली. "गुरुजी चेहरा करायचे आणि उठायचे. हात त्यांना कधी जमलेच नाहीत."

"पुरावा काय, मावशी? एखादं पत्र, फोटो?"

"मी सांगतेय ना."

"नुसत्या सांगण्यावर नाही गं लिहिता येत. काहीतरी मिळू दे, लगेच टाकते तुझं नाव."

त्यानंतर मावशी दर भेटीत विचारायची, "टाकलंस का?" पुढे ती विचारायची थांबली. त्याच महिन्यात हिनं 'गुरुजींचे हात' हा लेख टाकला. सगळ्यात जास्त वाचला गेला तो तोच. त्यातलं निम्मं मावशीनं चहा पिता पिता सांगितलेलं होतं.

मावशी गेली त्या सकाळी हॉस्पिटलच्या चादरीवर तिचा उजवा हात उघडा होता. लहानपणी दारात चेंगरलेली करंगळी बाकीच्या बोटांपासून फटकून बाहेर वळली होती. ही बघतच राहिली. अकराही चित्रांत करंगळी अशीच होती. मावशीनं स्वतःचेच हात काढले होते. ज्या हाताला धरून ही चालायला शिकली, त्याच हातावर पुरावा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला स्वतःची लाज वाटली.

आठवड्यानं, दुपारी, ती दुरुस्तीचा लेख लिहायला बसली. वरातीमागून घोडं, पण निघायला तर हवं होतं. करंगळी मोठी करून दाखवावी म्हणून तिनं पहिलं चित्र उघडलं.

खिडकीशी बसलेल्या बाईला हात नव्हते.

खोडल्याची खूण नव्हती. बाह्या मांडीवर सैल पडल्या होत्या आणि पुढे नुसतं निळं लुगडं, त्यावर जुन्या रंगाच्या बारीक भेगा. दुसऱ्या चित्रातही तेच. तिनं कॅमेऱ्यातले मूळ फोटो पाहिले. कपाटातला छापील कॅटलॉग काढला. त्यातही तेच.

तिनं संग्रहालयाच्या रखवालदाराला फोन लावला.

"हात?" तो म्हणाला. "ताई, बावीस वर्षं मी त्या चौकटी पुसतोय. एकाही बाईला हात नाहीत. लोक तेच तर विचारतात."

"तुम्ही स्वतः मला दाखवले होते. ती करंगळी!"

तो आधी "ताई..." एवढंच म्हणाला. मग जपून म्हणाला, "तुमची मावशी गेली ना नुकतीच? जरा आराम करा."

ती परत संगणकाच्या पडद्याकडे वळली. अकराव्या चित्रात हात अजून होते, फिकट झालेले, पण करंगळी स्पष्ट होती. तिनं घाईघाईनं फोटो उतरवून घेतला.

उघडला. त्यात रिकामी बाही होती.

"मावशी," ती मोठ्यानं म्हणाली, "चुकलं गं माझं. टाकते तुझं नाव, आत्ता टाकते."

तिनं सगळं लिहिलं. स्टुडिओ, चेहरे, हात, करंगळी, आपला खोटेपणा. मावशीचं पूर्ण नाव आयुष्यात पहिल्यांदा टाइप केलं. डोळे पुसले आणि लेख टाकला.

दहा मिनिटांत पहिली प्रतिक्रिया आली. नेहमीचाच वाचक होता, सज्जन माणूस.

'लेख मनाला भिडला. पण चित्रांत हात दिसतच नाहीत. मावशींच्या कामाचा काही पुरावा आहे का?'

तिला उत्तर द्यायचं होतं. पुरावा म्हणून काय जोडावं ते ती पानावर शोधू लागली. मग तिची नजर पानाच्या कोपऱ्यात गेली.

रेखाचित्रातली ती अजून टेबलाशी बसलेली होती. पेन बाजूला पडलं होतं आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना तिच्या बाह्या रिकाम्या होत्या.