भोंग्यानंतरची घूंघूं

"सुरुवातीला गिटार वाजली पाहिजे!" वीरधवलनं जाहीर केलं.

"गिटार? पळसखडीत?" नागसेन हसून लोळायचाच बाकी राहिला. "गड्या, आमच्याकडं गिटार फकस्त टीव्हीत वाजतंय!"

"मग हलगी!" क्रांती ओरडली. "एकदम जोरात!"

"आधी बोलायचं काय ते ठरवा. वाजवायचं काय ते नंतर!" शिवांजलीनं तिघांनाही गप्प केलं.

विट्याच्या पलीकडं, माळाच्या कडेला पळसखडी नावाचं गाव आहे. मे महिन्याची सुट्टी लागली आणि साताऱ्याहून शिवांजलीचा मावसभाऊ वीरधवल तिथं येऊन थडकला, तो एक चिमुकला माइक आणि कान झाकून टाकणारे हेडफोन घेऊनच! आपण पॉडकास्ट सुरू करायचा, हे त्यानं एसटीतून उतरता उतरताच सांगून टाकलं. शिवांजली नुकतीच आठवी पास झालेली, त्यामुळं ती आपोआप मुख्य. तिच्या वर्गातला नागसेन म्हणजे आवाजाचा बादशहा. रेडकापासून सरपंचापर्यंत तो कुणाचाही हुबेहूब आवाज काढायचा. आणि क्रांती ही शिवांजलीची धाकटी बहीण. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती होतीच.

"पाडकाष्ट म्हंजी नक्की काय गं?" गच्चीवर कुरडया घालता घालता शिवांजलीच्या आईनं, विजयमालाबाईंनी विचारलं.

"रेडिओवरच्या गप्पांसारखं असतं, मावशी. पण कधीही, कुठंही ऐकता येतं. सगळं जग ऐकणार!" वीरधवल म्हणाला.

"जग ऱ्हाऊ दे. आधी ह्या कुरडयांवरची कावळी हाका!"

कावळे हाकता हाकता बरंच ठरलं. विषय, गावातले आवाज आणि गावातली माणसं. निवेदन नागसेनचं, प्रश्न शिवांजलीचे, रेकॉर्डिंग आणि नको ते कापणं वीरधवलकडं. एक भाग दहा मिनिटांचा, कारण त्याहून जास्त वेळ क्रांती गप्प बसू शकत नाही. अडलं ते एकाच गोष्टीवर. रेकॉर्डिंग करायचं कधी? दिवसा ट्रॅक्टर, शेळ्या आणि भंगारवाल्याचा कर्णा. संध्याकाळी घरोघरी मालिकांमधल्या सुनांचं रडणं.

"भोंग्यानंतर!" शिवांजली एकदम उठून उभीच राहिली. "आणि आपल्या पॉडकास्टचं नावही तेच. 'भोंग्यानंतर'!"

पळसखडीत रोज संध्याकाळी सातला पंचायतीवरचा भोंगा वाजतो. तो वाजला, की गावातले सगळे टीव्ही आणि मोबाइल बंद! मुलांनी पुस्तक घेऊन बसायचं आणि मोठ्यांनी त्यांच्याजवळ. दीड तासानं पुन्हा भोंगा वाजला, की सुटका. ही कल्पना शिवांजलीच्या वडिलांची, आबांची. सुभेदार उदयसिंह फौजेतून निवृत्त होऊन आले आणि त्यांनी गावालाच शिस्त लावली. सुट्टीतसुद्धा माफी नाही. आजवर मुलं त्या भोंग्याच्या नावानं कुरकुरायची. पण एवढी शांतता दुसरीकडं कुठं मिळणार होती?



"त्या टायमाला मला जमायचं न्हाई," नागसेन म्हणाला. "साताला केरबाकाका पाणी सोडतोय. गावात येतंय, आमच्या वस्तीत नळ कोरडाच. मग मी आन् आजी हापशावर जातोय. आजीचा गुडघा लय दुखतोय."

"केरबाकाका म्हणतात, वस्ती चढावर आहे म्हणून पाणी चढत नाही," शिवांजली म्हणाली.

"व्हय. म्हणूनच बाबा म्हणत्यात, सुट्टी संपली की दोघंबी कुपवाडला चला. त्यांच्या कारखान्याजवळ खोली बघितलीया त्यांनी. आजी न्हाई म्हणतीया. पर म्हातारीनं कवापत्तर पाणी वाहायचं?"

"म्हणजे तू शाळा सोडणार? आपली?" शिवांजलीनं विचारलं.

नागसेननं नुसती मान हलवली. नागसेनशिवाय वर्ग कसा असतो, हे शिवांजलीला माहीतच नव्हतं. पहिलीपासून तो तिच्या मागच्या बाकावर होता. तिला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी नागसेननं भर उन्हात हापशाच्या खेपा केल्या आणि संध्याकाळी तो हजर झाला. शिवांजलीच्या घरी धान्याच्या खोलीत दोऱ्या बांधून गोधड्या टांगल्या होत्या. गोधडी आवाज घुमू देत नाही, हे वीरधवलचं ज्ञान. भोंगा वाजला. गाव चिडीचूप झालं. नागसेननं घसा खाकरला आणि सुरेख बोलला.

पण ऐकून बघितलं, तर मागं सतत "घूंऽऽऽऽ"!

"माइक बिघडला!" वीरधवलचं तोंड उतरलं. वायर बदलली. घूंऽऽऽऽ! पंखा बंद केला. घूंऽऽऽऽ! "विजेचा दोष आहे," असं म्हणून त्यानं घराचा मेन स्विचच पाडला. आवाज अगदी बारीक झाला, पण गेला नाही.

"लाईट कुणी घालवली रं?" आतून विजयमालाबाई कडाडल्या. स्विच वर गेला आणि घूंऽऽऽऽ पुन्हा जोरात!

"आमच्या घरी करू या," नागसेन म्हणाला. "तिथं फ्रिजबी न्हाई, पंखाबी न्हाई."

पुढच्या संध्याकाळी सगळे नागसेनच्या आजीच्या, जाईबाईंच्या घरी. जाईबाईंनी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे दिले आणि माइककडं संशयानं बघितलं. "ह्याला काय सांगू? ह्याला कान हाईत व्हय?"

"आहेत आजी, लय तिखट!" वीरधवलला आता दोन दिवसांत 'लय' आला होता.

इथं घूंघूं नव्हती! पण हेडफोन लावून बसलेल्या वीरधवलनं अचानक बोट वर केलं. "श्शू! इथं दुसराच आवाज आहे. कुणीतरी हळूच श्वास ओढतंय..."

सगळे इकडंतिकडं बघायला लागले. क्रांती अंगणातल्या नळाजवळ गेली. नळ कोरडा होता, तोटी उघडीच. तिनं तोटीला तळहात लावला आणि किंचाळली, "ताई! नळ माझा हात ओढतोय!"

शिवांजलीनं कागदाचा कपटा तोटीसमोर धरला. सुप्प! कपटा जाऊन तोटीला चिकटला.

"नळातनं पाणी यायला पाहिजे आणि हा तर हवा आत ओढतोय," ती पुटपुटली. "चढामुळं पाणी आलं नसतं, हे मान्य. पण चढ काय हवा ओढतो? दुसऱ्या टोकाला कुणीतरी पाइपातलं सगळं ओढून घेतंय!"

"घूंऽऽऽ!" नागसेन ओरडला. "मोटर! कुणीतरी नळाला मोटर लावलीया!"

"चोर सापडला पाहिजे! चला!" वीरधवलनं माइक पुढं धरला आणि वरात निघाली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. पहिल्या घरामागं घूंऽऽऽ. दुसऱ्यामागं घूंऽऽऽ. तिसऱ्यामागंही! चोर एक नव्हता, सगळी गल्लीच घूंघूं करत होती. एरवी मालिकांच्या रडारडीत हे कुणाला ऐकू येत नसे, आणि भोंग्याची शांतता सुरू झाली, तोवर कान त्याला सरावले होते.

"इथं सगळ्यात जोरात आहे," एका परसात शिरत वीरधवल म्हणाला आणि जागीच थांबला. ते शिवांजलीचंच घर होतं. पोत्याखाली झाकलेली मोटर खुशाल गुरगुरत होती. मेन स्विच पाडल्यावर आवाज बारीक का झाला होता, ते आता सगळ्यांना कळलं.

शिवांजलीला नागसेनकडं बघवेना. ती तडक आईकडं गेली. "आई, आपली मोटर नळाला आहे?"

"अगं, येवढीशी तर मोटर हाय आपली!" विजयमालाबाई सहज म्हणाल्या. "येवढ्यानं काय हुतंय?"

त्यांच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं. शिवांजलीला तर ते जास्तच लागलं.

"मी आबांना सांगते," ती परसात येऊन म्हणाली.

"आन् बाकीच्या घरांचं?" नागसेननं विचारलं. तो रागावलेला नव्हता, थकलेला होता. "आजी दोनदा पंचायतीत जाऊन आलीया. चढ हाय, म्हणून परत लावून देत्यात."

शिवांजलीची नजर माइकवर गेली. मग तिचे डोळे चमकले. "आपल्याकडं पॉडकास्ट आहे ना? मग सगळ्या घरांची मुलाखत घेऊ!"

दुसऱ्या दिवशी चौघं आधी शिवांजलीच्या आईकडं गेले आणि मग घरोघर फिरले. प्रश्न एकच. "तुमच्याकडं पाणी कसं येतं?" पोरांच्या खेळाला कोण घाबरतंय? धोंडुबाई कौतुकानं म्हणाल्या, "झकास येतंय! येवढीशी मोटर लावलीया न्हवं!" सयाजीकाकांनी तर मोटर फडक्यानं पुसून माइकसमोरच सुरू केली. "आवं, आमची लय बारकी हाय. येवढ्यानं काय हुतंय?" जो तो तेच वाक्य बोलत होता! क्रांतीला हसू आवरेना, म्हणून शिवांजलीला तिला चिमटे काढावे लागले.

संध्याकाळी शिवांजली वडिलांसमोर उभी राहिली. "आबा, आमचा पहिला भाग आज भोंग्यावरून ऐकवू? आधी तुम्ही ऐकून बघा."

"मी कशाला ऐकू? माझी पोरगी बोलणार, म्हणजे चांगलंच असणार!" उदयसिंहांनी न ऐकताच पंचायतीची किल्ली पुढं केली. "परवानगी दिली!"

सात वाजले. भोंगा वाजला, केरबानं रोजच्यासारखं पाणी सोडलं, आणि कर्ण्यातून नागसेनचा आवाज घुमला. "नमस्कार! तुम्ही ऐकताय 'भोंग्यानंतर'!" लोक कौतुकानं दारात आले. नागसेननं सरपंचाचा आवाज काढला तेव्हा तर खुद्द सरपंचही हसले. मग आला जाईबाईंचा आवाज.

"नळ बसला त्या दिशी म्या समद्या वस्तीला साखर वाटली. तवापास्नं त्यानं वारं लय वढलं बघा, पाणी काय आलं न्हाई. लेक म्हणतोय, कुपवाडला चल. जायाला काय, जाईन. पर माझं घर हितं हाय. नातवाची शाळा हितं हाय."

त्यामागून नळाचा हवा ओढण्याचा आवाज आला. आणि लगेच एकामागून एक, "येवढीशी तर मोटर हाय!", "आमची लय बारकी!", "येवढ्यानं काय हुतंय?", "येवढ्यानं काय हुतंय?" आपापले आवाज ओळखून लोक आधी हसले. मग हसू थांबलं.

आता माइकवर शिवांजली होती. "आम्ही कुणाचंच नाव घेणार नाही. फक्त आमचं घेते. पहिला आवाज माझ्या आईचा आहे आणि सगळ्यात जोरात वाजणारी मोटर आमच्या घरची आहे. आता आम्ही गप्प बसतो. तुम्ही ऐका."

कर्णा मुका झाला. टीव्ही बंद, मोबाइल बंद. त्या शांततेत सगळ्या गावानं पहिल्यांदाच नीट ऐकलं. घूंऽऽऽऽऽऽ!

पंचायतीच्या दारात उभे असलेले उदयसिंह लालबुंद झाले. शिवांजलीला वाटलं, आता आपली धडगत नाही! पण ते वळले आणि ताडताड घराकडं चालू लागले. ते पोचले, तर विजयमालाबाई मोटरचा प्लग हातात घेऊन उभ्या होत्या. मग धोंडुबाईंच्या परसातली घूंघूं थांबली. सयाजीकाकांची थांबली. करता करता अख्खी गल्ली गप्प झाली.

थोडा वेळ काहीच घडलं नाही. वीरधवल नखं खायला लागला. आणि फोन वाजला! क्रांती आधीच एक मोबाइल घेऊन जाईबाईंच्या नळापाशी जाऊन बसली होती. नागसेननं फोन माइकला लावला आणि साऱ्या गावाला ऐकू आलं. फुस्स, फुर्रर्र, खळखळ खळखळ!

"आलं! आलं! पाणी आलं!" क्रांती किंचाळत होती.

"आगं घागर नीट धर की! वाकडी धरलीयास! सांडतंय समदं!" जाईबाई ओरडत होत्या, आणि त्यांचा आवाज मध्येच रडवेला झाला. "भरली गं पोरी... भरली."

नागसेन खुर्चीवर मटकन बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडला. शिवांजली त्याच्या शेजारी बसून राहिली. रडू तिलाही येत होतं.

उदयसिंह परत आले. "मी अख्ख्या गावाचे टीव्ही बंद केले, पण माझ्याच परसातला आवाज मला ऐकू आला नाही," ते म्हणाले. "पोरांनो, शाब्बास!" आणि त्यांनी खाडकन सलाम ठोकला. वीरधवल इतका गांगरला, की त्यानं डाव्या हातानं उलट सलाम केला! केरबा डोकं खाजवत म्हणाला, "म्हंजी चढाचा काय दोष न्हवता म्हणा की!" ग्रामसभा होऊन नळाच्या मोटरी कायमच्या निघाल्या, आणि धोंडुबाई स्वतः जाईबाईंकडं साखर घेऊन गेल्या.

पॉडकास्ट जगासाठी टाकताना शिवांजलीनं शेजाऱ्यांची वाक्यं कापायला लावली. "त्यांचं त्यांना कळलं, बास झालं," ती म्हणाली. सुरुवातीला काय वाजवायचं, यावर मात्र आता भांडण झालंच नाही. वीरधवलसुद्धा गिटार विसरला होता.

दोन दिवसांनी कुपवाडहून नागसेनच्या वडिलांचा, धनाजींचा फोन आला. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकापाशी, मोटरसायकलींवर बसून, ते आणि त्यांचे सोबती तो भाग ऐकत होते.

"जय भीम, बाबा! कसा वाटला?" नागसेननं भीत भीत विचारलं.

"लय ग्वाड बोलतोस रं," धनाजी म्हणाले. "आयेला सांग, ती खोली नको म्हणून मालकाला कळवलंय. तू हाईस त्याच शाळंत जा."

नागसेननं टुणकन उडी मारली. पलीकडून धनाजींनी घसा साफ केला.

"आन् हे बघ, माझ्या दोस्ताला लावून द्यायचंय, पर मागं कसं न्यायचं ते घावंना. तेवढं सांग," ते म्हणाले. "सुरवातीची ती आयेची घागर भरतीया न्हवं, ते पुन्यांदा ऐकायचंय."