झुंबरबाई, ओळख पटली नाही

“झुंबरबाई, ओळख पटली नाही. गाडी थोडी डावीकडे घ्या.”

आवाज माझाच, पण बोललं यंत्र. श्रावणातली भुरभुर चालू होती. राहुरीच्या बाहेर आमचं चार्जिंग स्टेशन, आणि तिथल्या पिवळ्या चौकटीत एक विजेवरचा टेम्पो तिरका उभा. झुंबरबाई उतरतील म्हणून मी काचेच्या केबिनमधून बघत होते, तर उतरला एक उंच पोरगा... भिजलेल्या मिशा पुसत.

“झुंबरबाई आमची आई,” तो म्हणाला. “गाडी तिच्या नावावर हाय. मी बजरंग.”

मला हसू आवरेना. तिथंच माझं चुकलं.

आमचं यंत्र मोठं हुशार. गाडी जवळ आली की नंबरावरून मालकाचं नाव वाचतं; ती चौकटीत नीट लागली की मग ती आणि यंत्र वायरशिवाय एकमेकांना ओळखतात, गुप्त खूण जुळवून घेतात. दुसऱ्याच्या नावावर कुणी वीज ढापायला नको, म्हणून. मग लोखंडी हात पुढे येतो आणि प्लग आपोआप लावतो. माणूस लागतच नाही. आता माणूस लागत नाही हे बघायला कंपनीनं एक माणूस ठेवला, ती मी, धनश्री; यंत्रात आवाजही माझाच भरून घेतला. पारनेरहून डिप्लोमा करून आलेली आणि नोकरीत अजून कच्ची. शंभरातल्या पंच्याण्णव गाड्या मदतीशिवाय जोडल्या गेल्या तर मी पक्की, नाहीतर यंत्राचं आणि माझं बिऱ्हाड इथून हलणार. चौकटीत गाडी असताना मी केबिनचं दार उघडलं, की यंत्र लगेच ‘मदत घेतली’ अशी नोंद करायचं. चुगलखोर मेलं.

बजरंग रोज राहात्याहून पेरू घेऊन नगरला जायचा, आणि रोज त्याचा टेम्पो वाकडा लागायचा. मग मी दार उघडून बाहेर.

“अहो, डावीकडे घ्या म्हटलं की डावीकडे घ्यायचं असतं.”

“कुनाची डावी, मॅडम? तुमची का माझी?”

“तुमचीच.”

“तुमी समोर उभ्या ऱ्हाता... मग गोंधळ हुतो.”

गाडी लागली की एक पेरू पुढे. सोबत मीठ-तिखटाची पुडी. मी नको नको म्हणायचे आणि खायचे. खोटं कशाला बोलू, दहा वाजत आले की माझं लक्ष यंत्रापेक्षा रस्त्याकडेच जास्त असायचं.

शंभर गाड्यांची मोजणी सुरू होऊन पाच दिवस झाले, तेव्हा मी नोंदी उघडून बघितल्या. पस्तीस गाड्या, पाच मदती. पाचही झुंबरबाईंच्या. मी पुन्हा मोजून बघितल्या. त्याच संध्याकाळी राहुरीच्या बाजारात काय बघते, तर दोन ट्रॅक्टरांच्या मधल्या फटीत ह्या बहाद्दरानं तोच टेम्पो उलटा, एका दमात घातला.

दुसऱ्या दिवशी तो यायच्या आधीच मी फाटकापाशी जाऊन उभी राहिले.

“तुम्हाला गाडी लावता येते.”

त्यानं खिडकीतून पेरू पुढे केला.

“मुद्दाम करता ना?”

“व्हय,” तो खाली बघत म्हणाला. “नीट लावली तर तुमी बाहेर येत न्हाई...”

इतकं गोड कुणी मला आजवर बोललं नव्हतं, आणि इतका राग मला आजवर आला नव्हता. “पाच वेळा दार उघडलं मी तुमच्यापायी. सहाव्यांदा उघडलं की नोकरी गेली आणि मी पारनेरला.”

त्याचा चेहरा उतरला. “मला ठाव न्हवतं,” एवढंच म्हणाला, आणि दोरी धरल्यासारखी सरळ गाडी लावली.

“झुंबरबाई, ओळख पटली. जोडणी सुरक्षित.”

मग रोज तेच. यायचा, लावायचा, जायचा. काचेकडे बघायचासुद्धा नाही. पेरूही बंद. माझी नोकरी वाचत होती आणि जीव नुसता चरफडत होता. माणसानं एवढं शहाणं व्हावं का?

शंभराव्या गाडीला कंपनीचे साहेब तपासणीला आले, माझ्या शेजारी केबिनमध्ये खुर्ची टाकून बसले. आणि शंभरावी गाडी दुसऱ्या कुणाची असणार? आज बजरंगच्या शेजारी एक बाई होती. डोक्यावर पदर, मांडीवर पेरूची पाटी.

“झुंबरबाई, ओळख पटली. जोडणी सुरक्षित.”

बाई ताडकन उतरल्या. “म्या हिला आज पैल्यांदा बघती, आन् ही म्हनती वळख पटली.” काचेवर टकटक केली. “पोरी, तुजाच ना गं ह्यो आवाज? ह्यानं मोबाईलात भरून ठेवलाय. दिसभर घरात माझ्या नावानं हाका. मी आपली व्हय व्हय करून दमली. दार उघड.”

मागे बजरंगचे कान लाल झाले होते. मी काचेतून हात जोडले, थांबा म्हणून खुणा केल्या.

“उघडंना की,” त्या लेकाला म्हणाल्या. “लई माजुरी दिसती.”

“आये, माजुरी न्हाई ती. आत्ता दार उघडलं तर तिची नोकरी जाईल. थांब जरा.”

“काही अडचण, मॅडम?” साहेबांनी विचारलं.

“नाही, साहेब.”

चाळीस मिनिटं. झुंबरबाई पायरीवर बसल्या. बजरंगनं पाटीतला एक पेरू काढून काचेच्या बाहेरच्या कठड्यावर ठेवला आणि इतक्या दिवसांनी वर बघितलं. मधे काच होती म्हणून बरं, नाहीतर मी तिथंच दार उघडलं असतं.

“जोडणी सुटली. शुभ प्रवास.”

पडद्यावर आकडा आला, पंच्याण्णव. साहेबांनी सही केली. गाडी चौकटीबाहेर निघाली आणि मी दार उघडलं, ते थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

“आता येत जा तिरके,” मी म्हणाले. “मी पक्की झाले.”

“मी तर पैल्याच दिशी पक्का झाल्तो,” तो म्हणाला.

झुंबरबाईंनी माझी हनुवटी धरून मला उजेडाकडे वळवलं. “मग? पटली का वळख?”

“मघाशीच पटली, मावशी,” साहेब केबिनमधून म्हणाले. “यंत्रात नोंद आहे.”

“मशीनला न्हाई इचारलं. हिला इचारती.”

मी कठड्यावरचा पेरू उचलला.

“पटली,” मी म्हणाले. आवाज माझाच होता, आणि या वेळी बोललेही मीच.