मधला पाट

लोणावळ्याच्या थंडीत चिक्की बघता बघता कडक होते. ताट जरा रेंगाळलं, की सुरी लावताच वडीचा भुगा. १९३४ च्या पौषात माझा निम्मा माल असा भुग्यात जायला लागला, तेव्हा मी कारखान्यात ठाण मांडून काम पाहायला बसलो. मुंबईला बिस्किटांच्या कारखान्यात उमेदवारी करताना एवढं पक्कं शिकलो होतो, की माल थांबतो कुठं ते आधी हुडकावं. दुखणं तिथंच असतं.

माल मधल्या पाटापाशी थांबत होता.

बायका ओळीनं बसत. विठाबाई गरम गूळ-दाणे ताटात ओतून हातानं थापायची, रतनबाई वड्या पाडायची. दोघींच्या मधे एक पाट रिकामा. त्याच्यासमोर लाटणं. विठाबाई ताट तिथं ठेवी आणि दोघी माना फिरवून गप्प बसत. मग केव्हातरी रतनबाई ते ओढून घेई. ज्याच्याकडून मी कारखाना घेतला, त्या जुन्या मालकाच्या वेळेपासून हे असंच चालत आलेलं.

"ताट सरळ पुढं द्यायला काय होतं गं?" मी विचारलं.

"तितं लाटत्यात," विठाबाई म्हणाली.

"कोण?"

"ते न्हाई ठावं, मालक. आमी आलो तवापासनं हाय."

मला हसू आलं. मग ताट पाहिलं. विठाबाईनं थापलेलं ओबडधोबड असायचं. रतनबाईच्या हाती जाताना ते आरशासारखं सपाट. गूळ गरम असतो, आपोआप बसत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. पाट उचलायला सांगितला तर कुणी हात लावेना. तिथं नवी बाई बसवतो म्हटलं, तर विठाबाई काम सोडून उठूनच उभी राहिली.

माझी बायको नंदा दारातून ऐकत होती. कुसगावच्या मसणवट्यातून एकटी सरपण आणणारी ती. तिला कसली भीती?

"अहो, मी बसते की. ह्यांचा बाऊ एकदाचा जाईल."

"वैनी, नगा," विठाबाई म्हणाली.

पोर नाही, बाळ नाही. नंदा म्हणजेच माझं घर होतं. "राहू दे गं," मी म्हणालो, तोवर पदर खोचून ती बसलीसुद्धा.

आणि काम धावायला लागलं! ताट थांबेचना, वड्या खटाखट सुटायला लागल्या. नंदानं माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. माझा जीव भांड्यात पडला. पुढच्या दुकानात गिऱ्हाईक आलं होतं, मी तिकडं गेलो.

परत आलो तेव्हा बायका भाकरीची फडकी सोडून कोपऱ्यात जेवत होत्या. नंदा एकटीच पाटावर लाटत होती.

"वैनींना जेवायला बोलवायचं नाही होय?"

विठाबाईनं घास खाली ठेवला. "वैनी कुटं हाईत?"

"अगं, ही काय समोर!"

विठाबाईनं पाटाकडे पाहिलं. मग मान फिरवली. रतनबाईनंही फिरवली.

"थट्टा पुरे झाली," मी म्हणालो.

"अहो," नंदा म्हणाली. लाटणं चालूच होतं. "मघापासून हाका मारतेय ह्यांना. एक बघत नाही. भूक लागलीय हो मला."

"ऊठ मग."

"उठतेय की."

ती उठत नव्हती.

मी धावलो. तिच्या कपाळावर घाम होता, केसांची बट चिकटली होती. मी दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले.

हाताला नुसती ऊब लागली.

"नंदे!"

"इथंच आहे ना मी," ती म्हणाली. आवाज लांबून आला.

विठाबाई उठली. भट्टीवरून नवं ताट भरून आणलं, नंदासमोर ठेवलं.

"मालक, मान फिरवा," ती हळूच म्हणाली. "त्यास्नी बघितल्यालं चालत न्हाई."

मी फिरवली नाही. डोळे भरून आले म्हणून एकदा, फक्त एकदा, बाहीनं पुसले.

पाट रिकामा होता.

ताटातल्या सपाट, गरम गुळावर बांगडीचा अर्धा गोल उठला होता. रतनबाईनं ताट ओढून घेतलं आणि त्याच्यावरूनच वड्या पाडल्या.