चिमटीत धरलेलं

शल्यचिकित्सकांच्या वार्षिक संमेलनात पूर्वी जेवणानंतर भाषणं असत आणि अर्धं सभागृह डुलक्या घेई. आता चालू शस्त्रक्रिया पडद्यावर दाखवतात. यंदा टेबलावर संमेलनातल्या सगळ्यात ज्येष्ठ शल्यचिकित्सक मॅडमची धाकटी बहीण होती. तेवढंच त्यांचं रक्ताचं माणूस उरलं होतं. हात थरथरू लागल्यापासून मॅडमनी सुरी खाली ठेवली होती. त्यांचाच एक विद्यार्थी शेजारच्या इमारतीत बहिणीचं पित्ताशय काढत होता.

"ताई, तुमच्या संमेलनात माझा खेळ म्हणे," सकाळी बहीण हसत म्हणाली होती. "तिकीट तरी लावायचंस."

मॅडमच्या शेजारी जुने भूलतज्ज्ञ बसले होते. "आम्ही एका सुईत झोपवतो," ते पुटपुटले, "तुमच्या अध्यक्षांना तासभर लागायचा."

मॅडम हसणार, तोच पडदा लाल झाला.

"सक्शन," रक्त ओढायची नळी मागणारा विद्यार्थ्याचा आवाज आला. मग पुन्हा, जरा चढून.

"चाचपडू नकोस रे," मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. "यकृताच्या मुळाशी बोट घाल. तिथली रक्तवाहिनी चिमटीत धर."

त्यांच्यापुढे माइक नव्हता.

पडद्याच्या कडेने एक हात आत आला. सुरकुतलेला, उघडा. तो रक्तात बुडाला आणि थांबला. लाली हळूहळू ओसरली.

"कुणाचा हो तो हात?" भूलतज्ज्ञ म्हणाले. "हातमोजासुद्धा नाही."

मॅडमनी खाली पाहिलं. मांडीवरचा त्यांचा उजवा हात थरथरायचा थांबला होता. अंगठा आणि तर्जनीमध्ये काहीतरी उबदार ठोके देत होतं.

टाके पडले, टाळ्या झाल्या. मॅडमनी पुढे आलेला माइक डाव्या हाताने घेतला.

"मधे हात कोणी घातला?"

"कोणी नाही, मॅडम," विद्यार्थी म्हणाला. "तुम्ही कानाशी सांगत गेलात, तसं मी करत गेलो."

संध्याकाळी बहीण शुद्धीवर आली. मॅडम खाटेपासून लांब, दाराशी उभ्या होत्या. उजवा हात कोटाच्या खिशात.

"झालं गं सगळं नीट," त्या म्हणाल्या.

बहिणीने डोळे न उघडता कपाळाला आठ्या घातल्या.

"मग आता हात काढ ना, ताई. दुखतंय."

मॅडमनी खिशातल्या खिशात चिमूट जराशी सैल केली.

उशाशी लावलेल्या, हृदयाचे ठोके मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक अडखळली.

त्यांनी चिमूट पुन्हा घट्ट मिटली, डाव्या हाताने खुर्ची ओढली आणि बसल्या.