दगडाबाईंचे आभार

पुणतांब्याच्या बाजारात सुमेधाच्या कुकरने ऐन वेळी दगा दिला. शिट्टी सोडून बाकी सगळीकडून वाफ निघत होती. चिंचेच्या सावलीत, नेत्रतपासणीच्या गाडीमागे शेगडी मांडून ती चमच्याने झाकणावर टकटक करत बसली होती आणि पोटात कावळे ओरडत होते.

"मारून काय व्हनार न्हाई त्याला, मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने वळून पाहिलं. शेजारी एक निळा टेम्पो उभा होता. त्यावर रंगवलेलं – 'कुकर, शेगडी, मिक्सर दुरुस्ती'. आणि टेम्पोला टेकून, हातात पाना घेऊन, एक उंच, रापलेला तरुण तिच्याकडे बघत होता. चेहरा अगदी गंभीर... पण डोळे? डोळे खुशाल हसत होते.

"मग काय करू? पूजा करू त्याची?"

"आधी गॅस बंद करा. पूजेचं मागनं बघू."

वाफ पुरती निवल्यावर त्याने झाकण काढलं, त्यातलं रबर सोडवलं आणि टेम्पोतल्या माठातलं गार पाणी एका वाटीत घेऊन त्यात बुडवून ठेवलं. "ढिलं पडलंय. धा मिन्टं पडू द्या गार पान्यात. दोन-चार दिवस निघतील, मग नवं टाकू."

दहा मिनिटांनी रबर बसवलं, कुकर चढवला, आणि थोड्याच वेळात शिट्टी अशी खणखणीत वाजली की बाजारातलं एक वासरू बिचकलं. सुमेधा टाळ्या वाजवून हसली.

"थँक्यू हं! अगदी मनापासून!"

"मला नका म्हनू." तो घाईघाईने पाना पुसायला लागला. "युक्ती आईची हाय माझ्या. दगडाबाईची. भेटली कधी, तर तिला म्हना."

त्याचं नाव कल्याण. पाथर्डीच्या पुढचा, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावचा. आईवडील ऊसतोडीला जायचे, त्यामुळे निम्मं लहानपण उसाच्या फडाच्या कडेला, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत गेलेलं. वडील गेले, आईने कोयता कायमचा आढ्याला अडकवला, आणि पोरगा आता बाजार-बाजार टेम्पो घेऊन फिरत होता.

आणि सुमेधा? संगमनेरची. वडील शाळामास्तर, आई घरात स्वयंपाकघराची राणी, आणि त्या राणीने लेकीला "तू आधी अभ्यास कर" म्हणत चुलीपासून कायम चार हात लांब ठेवलेलं. डोळे तपासण्यात सुमेधा पटाईत होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांपुढे ती अक्षरांचा तक्ता धरायचीच नाही. ताटलीत तूरडाळ पसरायची, त्यात चार खडे टाकायची आणि म्हणायची, "वेचा बघू." कुणाला किती दिसतं, ते तिला त्यावरून नेमकं कळायचं. पण त्याच डाळीचं वरण करायला सांगा... आनंदीआनंद! आणि आता दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत पाच महिने एका संस्थेच्या फिरत्या गाडीतून गावोगाव जायचं होतं. सोबतीला ड्रायव्हर गोरक्षनाथ, म्हणजे गोरक्षकाका. त्यांची पाककला चहापाशी सुरू होऊन चहापाशीच संपायची.

संध्याकाळी आईचा फोन आला. पहिला प्रश्न ठरलेलाच, "जेवलीस का गं?"

"जेवले!" सुमेधा म्हणाली, आणि त्या दिवशी प्रथमच ते खरं होतं.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाजारात पुन्हा तोच निळा टेम्पो. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. दरवेळी कल्याण लांब उभा राहायचा, तिच्या मांडामांडीकडे बघायचा आणि राहवेनासं झालं की एखादी युक्ती सोडायचा. दुधाच्या पातेल्यावर लाकडी उलथनं आडवं ठेवा, दूध उतू जायचं न्हाई. कोथिंबीर ओलसर कागदात गुंडाळा, पण धुऊ नका. मिठात चार दाणे तांदळाचे टाका. मटकी भिजवून ओल्या फडक्यात बांधा आणि गाडीत खुंटीला लटकवा, दुसऱ्या गावाला पोचेस्तोवर मोड येतील. पाण्याच्या माठाला ओलं पोतं गुंडाळा. दशमीचं पीठ दुधात मळा, दोन दिवस मऊ राहते.

सुमेधा सगळं वहीत उतरवून घ्यायची. पानाच्या वर तिने ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं – 'दगडाबाईंचे आभार'. कारण थँक्यू म्हटलं की कल्याणचं उत्तर एकच, "ते आईला."

"आणि कपडे?" एकदा तिने वैतागून विचारलं. "धुवायला वेळच मिळत नाही हो."

"झाकनाची बादली हाय का? कपडे, पानी, साबनाचा चुरा घाला आन झाकन घट्ट लावून मागं ठेवा. आपल्या रस्त्यानं पंधरा किलोमीटर गेलं की कपडे आपोआप घुसळत्यात."

"आणि रस्ता चांगला लागला तर?"

"तर मग..." तो गंभीरपणे म्हणाला, "मळकेच घाला."

ती इतकी हसली की चष्म्यासाठी रांगेत बसलेल्या आज्यांनी माना वळवल्या. त्या हसण्याने कल्याणचे कान मात्र लाल झाले, आणि ते लपवायला त्याच्याकडे कोणतीच युक्ती नव्हती.

शनिशिंगणापूरला गोरक्षकाकांच्या नात्यातल्या एका घरात मुक्काम होता. घराला चौकट होती, दार नव्हतं. सुमेधा सकाळी केस विंचरत होती, तेवढ्यात अंगणातून आवाज आला, "मॅडम... हाय का कुनी?"

कल्याण उंबऱ्याबाहेर अवघडून उभा होता. "वाजवायला दारच न्हाई, म्हनून हाक मारली." त्याने रुंद तोंडाचा एक थर्मास पुढे केला. "तुमी दुपारी रांग संपेस्तोवर उपाशी बसता. मी बघितलंय."

"तुम्ही बघता?"

"म्हंजे... दिसतं. समोरच असतो ना." त्याने नजर उंबऱ्यावर खिळवली. "सकाळी थर्मासात आधी उकळतं पानी घालून तो तापवा आन ते वता. मुगाची डाळ-तांदूळ धुऊन, हळद-मीठ घालून पाच मिन्टं खळखळ उकळा आन पान्यासकट आत भरा. झाकन लावा. दुपारी उघडलं की खिचडी तयार. तूप मात्र वरनं घालायचं... तेवढं इसरू नका."

त्या दुपारी दोन वाजता सुमेधाने झाकण उघडलं. मऊ, वाफाळती खिचडी! पहिल्या घासालाच तिचे डोळे भरून आले. घरापासून लांब, कुणीतरी आपल्या दुपारच्या भुकेचा विचार केला होता. पाथर्डीकडच्या कुठल्याशा घरात बसलेल्या त्या न पाहिलेल्या माउलीला तिने मनोमन हात जोडले.

मनोमन हात दगडाबाईंना जोडले, पण डोळे मात्र पलीकडच्या निळ्या टेम्पोला शोधत होते. प्रेमात माणसाचा असा गोंधळ होतोच.

माघ सरत आला. वहीत एकवीस युक्त्या झाल्या. आता सुमेधाची मटकीची उसळ गोरक्षकाका दोनदा मागून घ्यायचे. एक दिवस बोटं चाटता चाटता ते म्हणाले, "एक सांगू का पोरी? हा कल्याण बाजारातल्या झाडून सगळ्या बायांना ताई म्हनतो. ऐंशी वर्साच्या म्हातारीलाबी ताई! तुलाच तेवढं मॅडम."

"मी गाडीवरची मॅडम आहे म्हणून."

"व्हय, व्हय," काका म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

झालं! त्या दिवसापासून सुमेधाचं चित्त ठिकाणावर राहीना. त्यातच पुण्याहून पत्र आलं. एका मोठ्या दवाखान्यात नोकरी, पाडव्याच्या आत होकार कळवायचा. इकडे संस्थेनेही विचारलं होतं, पावसाळ्यानंतर गाडीचा दुसरा फेरा आहे, पुन्हा याल का? तिला या गाडीचा, या रांगांचा, चष्मा लावल्यावर उजळणाऱ्या चेहऱ्यांचा लळा लागला होता. पण दरेक बाजारात ज्याची वाट बघायची, त्याच्या मनात काही नसेलच, तर पुन्हा पाच महिने ते जवळून सोसायचं? त्यापेक्षा पुणं बरं. एकदा विचारून टाकावं.

तिने विचारलंही. पण कसं? मुलीच्या जातीने विचारावं तसं, दहा वळणं घेऊन.

"या युक्त्या तुम्ही... सगळ्यांनाच सांगता का हो?"

कल्याण एका शेगडीचा बर्नर घासत होता. हात थांबला. तिच्याकडे बघितलं... आणि पुन्हा खाली.

"व्हय. इचारलं त्याला सांगतो. आईनं शिकवलंय तसं."

एवढंच. सुमेधाने वही मिटली. म्हणजे हा चांगला माणूस आहे, सगळ्यांशीच चांगला. त्यात आपलं असं काही नाही. त्या संध्याकाळी तिने पुण्याच्या होकाराचा मजकूर लिहून फोनमध्ये ठेवला. पाठवायचा तेवढा बाकी होता.

पाडव्याच्या आदल्या दिवशी फेऱ्याचं शेवटचं शिबिर लागलं, नेमकं कल्याणच्याच गावच्या शाळेत. दुपारी रांगेच्या अगदी शेवटी, हिरव्या लुगड्यातली एक काटक बाई पुढे येऊन बसली.

"नाव काय, मावशी?"

"दगडाबाई."

सुमेधाने झटकन मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग ताटलीत डाळ पसरली, खडे टाकले. दगडाबाई बराच वेळ चाचपडल्या. मग सुमेधाने एक भिंग लावलं, दुसरं लावलं, तिसरं लावलं... आणि बाई एकदम ओरडल्या, "अगं बया! केवढाले खडे ह्ये! इतके दिस पोराला ह्येच खाऊ घातलं का मी?"

रांग संपली होती. सुमेधाने वही काढली.

"मावशी, मी तुमचे आभार मानायला पाच महिने थांबलेय. तुमच्यामुळे मी रोज पोटभर जेवले. आईपासून लांब होते, पण तुम्ही माझ्याजवळ होतात." आणि तिने यादी वाचायला घेतली. कुकरचं रबर गार पाण्यात, दुधावर उलथनं, बादलीतले कपडे, थर्मासची खिचडी...

"थांब, थांब," दगडाबाईंनी हात वर केला. "दुधातली दशमी माझी. वलं पोतं माझं. मिठातलं तांदूळ बी माझंच. बाकीचं मला काय म्हाईत न्हाई, बाई."

"असं कसं? कल्याण तर म्हणाले..."

"अगं, उसाच्या फडात तीन दगडांची चूल मांडायचो आमी. तिथं कुकर कुठला आन थर्मास कुठला?" त्या नव्या भिंगातून सुमेधाला नीट न्याहाळू लागल्या, आणि न्याहाळता न्याहाळता त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "म्हंजे ती तूच व्हय!"

"कोण मी?"

"दिवाळी झाली आन ह्यानं डोकं खाल्लं माझं. दर आइतवारी घरी यायचा आन थर्मासात खिचडी घालून बसायचा. कधी कच्ची, कधी नुस्ता लगदा. चार आइतवार मीच खाल्ली ती. म्हनलं, आरं लेकरा, चूल पेटलीय की आपली! तर म्हनतो, आये, एका जनीला दुपारची चूल न्हाई."

एका जणीला दुपारची चूल नाही... पाच महिने ज्या मायेचे ती आभार मानत होती, ती माया रोज तिच्यासमोर, हातभर अंतरावर, पाना घेऊन उभी होती. तिचे डोळे वाहायला लागले, आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. ती वाकली आणि दगडाबाईंच्या पाया पडली.

"चार रविवारची कच्ची खिचडी तुम्ही खाल्लीत. तेवढे आभार तरी तुमचेच."

कल्याण शाळेच्या कुंपणापाशी टेम्पो उभा करून बसला होता. तिला येताना बघून तो उठला. तिच्या हातातली वही बघितली, मागे हसणारी आई बघितली, आणि त्याला सगळं कळून चुकलं. पळून जायला जागा नव्हती.

सुमेधाने वही त्याच्यापुढे धरली. पानावरचं 'दगडाबाईंचे' तिने खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं – 'कल्याणचे'.

"खोटं का बोललात?"

"सगळंच खोटं न्हाई. तीन युक्त्या आईच्याच हायत." 

"आणि अठरा?"

"शिकलो... हितनं तिथनं. बाजारातल्या बायांना इचारून. काय स्वतः करून बघून." तो अडखळला. "तुमच्यासाठी करतो, असं कसं म्हननार? तुमी मास्तरांच्या घरच्या. मी कोपीतला. आईचं नाव घेतलं की तुमाला घ्यायला अवघड नको वाटायला..."

"मग आता तरी थँक्यू म्हणू द्याल?"

"नको." तो झटकन म्हणाला, आणि मग अगदी हळू, "थँक्यू म्हनलं की संपतं. मला... संपवायचं न्हाई."

वाऱ्याने कडुलिंबाचा मोहोर दोघांच्या अंगावर भुरभुरला. सुमेधाने फोन काढला, पुण्यासाठी लिहून ठेवलेला होकार त्याच्यासमोर पुसून टाकला, आणि संस्थेला लिहिलं, पावसाळ्यानंतर मी येतेय.

"पाठवलं," ती म्हणाली. "पण आता मॅडम नको म्हणूस."

"मग काय म्हनू?" त्याचे डोळे पुन्हा खुशाल हसायला लागले. "ताई?"

तिने वही त्याच्या खांद्यावर हाणली. तेवढ्यात हातातला फोन वाजला. रोजची वेळ झाली होती, आईच होती.

"जेवलीस का गं?"

"हो आई. आणि ऐक ना... ज्याच्यामुळे पाच महिने वेळेवर जेवले, त्याला येत्या रविवारी घरी घेऊन येतेय. त्याच्या आईलाही."

पलीकडून स्वयंपाकघराच्या राणीचा जपून आवाज आला, "बरं... ये घेऊन. मग जेवायला काय करू गं त्यांना?"

"जेवायला काय करू विचारतेय आई," सुमेधाने कल्याणला सांगितलं. तो काही बोलायच्या आत मागून दगडाबाईंनीच हाक दिली,

"काय बी करा म्हनावं, विहीनबाई! तेवढी खिचडी नका करू!"